'जगभर वॉरंटी' आणि माझे अकरा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना वयाने, कामाचं विचाराल, तर जन्मभरात फोटो काढले अकरा. दोष माझा किती आणि माणसांचा किती, ते तुम्हीच ठरवा.

परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानातून मी दिल्लीला, मयूर विहारमध्ये अबोलीच्या घरी आलो. तिला फोटोग्राफीच्या कॉलेजात जायचं होतं. दिवाळीआधी स्वतः काढलेले वीस फोटो पाठवायचे, नाहीतर वर्ष गेलं. दुकानाने ठळक लिहिलं होतं, 'जगभर वॉरंटी'.

खोकं आलं ते ऐन पितृपक्षात. अबोली कात्री घेऊन धावली, तर तिचे बाबा श्रीपादराव आडवे आले.

"नवी वस्तू आत्ता नाही. दसऱ्याला पूजा करू, मग उघड."

"बाबा, प्लीज यार!"

"मी तुझा यार नाही."

कचेरीत कॉम्प्युटरशिवाय ज्यांचं पान हलत नाही, त्या गृहस्थांनी मला बावीस दिवस कपाटात कोंडलं! दसऱ्याला गंध लावलं, झेंडूचा हार घातला. अकरा फोटो झाले आणि बाराव्याला लेन्स बाहेर आली ती आत जाईना. खोट कारखान्यातली होती. पहिल्या दिवशी दिसती, तर दुकानाने मला बदलून दिलं असतं. पण परत करायची मुदत होती पंधरा दिवस.

कंपनीच्या दिल्लीतल्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने मला उलटं करून नंबर वाचला.

"मॅडम, ये तो बाहर का पीस है. यहाँ वॉरंटी नहीं चलेगी."

"पर जगभर की लिखी है!"

"दुकान ने लिखी है ना? दुकान से पूछिए."

दुकान म्हणालं, जगभर म्हणजे जगात कुठूनही आमच्याकडे पाठवा. खर्च तुमचा, दोन महिने लागतील. काय हा साळसूदपणा! विकताना अख्खं जग यांचं, दुरुस्त करताना मात्र एकच टेबल. अबोलीच्या आईने, कुमुदिनीबाईंनी, ग्राहक मंचात तक्रार केली. दुकानाला पाठवलेली नोटीस पत्ता न सापडून परत आली.

मोबाइलचे फोटो कॉलेजला चालत नव्हते, दिवाळीत कॅमेरा कोणी उसना देईना. शेवटची तारीख उलटली. श्रीपादरावांनी हातातली चकली तशीच बशीत ठेवली.

पुढच्या वर्षी ते स्वतः तिला जवळच्या दुकानात घेऊन गेले. बदल्यात खपवायला मलाही नेलं. मला कोण घेतो! पावती, शिक्का, भारतातली वॉरंटी त्यांनी चष्मा लावून वाचली. दुकानदार नवं खोकं पिशवीत घालू लागला.

"रुको भाई, यहीं खोलो."

अबोली हळूच म्हणाली, "बाबा, आज सर्वपित्री अमावास्या आहे."

"पितरांना मी समजावतो. तू फोटो काढ."

मित्रांनो, एवढंच सांगणं: वॉरंटी कुठे चालते ते घेण्याआधी विचारा आणि वस्तू आल्या दिवशी चालवून पाहा. आम्हाला पूजेची घाई नसते, कामाची असते.