तिच्या आवाजाचे कुलूप

शस्त्रक्रियेत माझ्या पत्नीचे स्वरयंत्र काढले, त्याला पाच आठवडे झाले होते. आता ती पाटीवर लिहून बोलत असे. पुढील उपचारांसाठी नव्या डॉक्टरांनी सोमवारपर्यंत जुने अहवाल मागितले, आणि तेव्हा आमच्या ध्यानात आले, की ते रुग्णालयाच्या ज्या ऑनलाइन खात्यात आहेत, ते तिच्या आवाजावाचून उघडत नाही. ती नोंदणी तिनेच हौसेने केली होती. पासवर्ड विसरतो, चोरीला जातो. आवाज कुठे जातो, हा तिचा युक्तिवाद. आणि एरवी प्रत्येक विधानात खुसपट काढणाऱ्या मलाही तो पटला होता.

मी मदतकेंद्राला फोन केला. लेखी अर्जाला तीन आठवडे लागतील. लवकर हवे असेल तर खातेदाराने स्वतः फोनवर संमती द्यावी, असे तिथल्या मुलीने नम्रपणे सांगितले.

"अहो ताई, तिला बोलता येत नाही, म्हणूनच मी फोन केलाय."

"कळलं काका. पण तेवढं त्यांनाच बोलून सांगावं लागेल."

पत्नीने पंधरा वर्षे अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तके ध्वनिमुद्रित केली होती. खाते उघडण्याचे वाक्य ठरलेले होते : 'आजही माझा आवाज तोच आहे.' मी त्या पुस्तकांतून एकेक शब्द वेचू लागलो. 'आजही' भूगोलात सापडले, 'माझा' एका बालकथेत, 'आवाज' शिकारीच्या गोष्टीत. ती शेजारी बसून चुका काढी. 'तोच' रडक्या प्रसंगातला आहे, दुसरा शोधा, असे तिने दोनदा बजावले. शनिवारी दुपारी ते जोडलेले वाक्य संगणकापुढे वाजवले. तिसऱ्या खेपेस खाते उघडले. अहवाल डाउनलोड करून मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिले.

ती हसली नाही. तिने लिहिले, "तुम्हाला आत कसं घेतलं?"

"मला कुठे? तुला घेतलं."

तिने पाटी पुसून पुन्हा लिहिले, "मी तर तोंडही उघडलं नाही."

तिची ध्वनिमुद्रणे निदान चारशे घरांत होती. ती प्रेमाने ऐकणाऱ्यांवर संशय घ्यावा, असे मला मुळीच वाटत नव्हते. परंतु किल्ली सज्जनाच्या खिशात आहे, एवढ्यावरून ती किल्ली नव्हे, असे ठरत नाही. शिवाय पासवर्ड फुटला तर दुसरा घेता येतो. आवाज माणसाने बदलून आणायचा कुठून?

खाते उघडलेलेच होते, आणि आवाजाची नोंद कायमची रद्द करण्याचा पर्याय समोर दिसत होता.

"राहू दे," मी म्हणालो. "तुझा आवाज ओळखणारं तेवढंच एक ठिकाण उरलंय."

तिने माझ्या हातातून माउस घेतला. मग तिने बटण दाबले, आणि मला दिसू नये म्हणून हात आडवा धरून नवा पासवर्ड टाकला.

जोडलेले वाक्य मी पुसायला घेतले, तेव्हा तिने माझे मनगट धरले. पाटीवर लिहिले, "एकदा ऐकवा."

मी ऐकवले. पूर्वी ध्वनिमुद्रण तपासताना बसे, तशी ती मान तिरकी करून बसली. मग तिने लिहिले, "'तोच' अजूनही खोटा वाटतो. पुसून टाका."