उन्हात बसण्याचा शब्द

मित्रांनो, मी एक जुने इंग्रजी क्रियापद आहे. माझे नाव ॲप्रिकेट. अर्थ अगदी साधा, उन्हात बसून ऊब घेणे. माझे पूर्वज लॅटिन भाषेतले. ऊन येणाऱ्या मोकळ्या जागेसाठी तिथे एक शब्द होता. त्याचेही मूळ 'उघडणे' या अर्थाच्या शब्दात असावे, असे जाणकार म्हणतात. सतराव्या शतकात मी इंग्रजीत आलो. विद्वानांनी कौतुक केले, पण ते पुस्तकापुरतेच. ओट्यावर बसलेल्या माणसांच्या तोंडी मी कधी रुळलो नाही. शब्दकोशात पडून राहिलो. कुणीतरी एकदा हाक मारावी, एवढीच आस होती.

माझ्या शब्दकोशाची शिवण उसवली, तेव्हा तो एका बायंडरकडे आला. उन्हाने कागद पिवळा पडतो, खळ भराभर वाळून पाने वाकतात. म्हणून तो खोलीचा पडदा कायम ओढलेला ठेवी. त्याच खोलीत, कोपऱ्यातल्या खाटेवर त्याची म्हातारी आत्या पडून असे.

"अरे, जरा बाहेर बसव ना मला. पाय गार पडलेत."

"बसवतो गं आत्या. एवढी खळ लावून होऊ दे."

"तुझी खळ संपेपर्यंत ऊन समोरच्या इमारतीमागे जातं. मलाही पुठ्ठ्यात घालून शिवून टाक एकदाचं!"

तो हसे आणि पुन्हा कामाला लागे. रोज हेच. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण शब्दाला स्वतःचा आवाज कुठे असतो?

एका सकाळी पानांचा क्रम तपासताना त्याचे बोट माझ्यावर थांबले. अडखळत का होईना, त्याने मला मोठ्याने वाचले. मी शहारलो.

"आत्या, उन्हात बसायला इंग्रजीत वेगळा शब्द आहे बघ."

"असेना का. त्यांना शब्द आहे, मला ऊन कुठंय?"

 तो ब्रश खळीतच सोडून उठला. पडदा सारला, आत्याला उचलून पायरीवरच्या खुर्चीत नेऊन बसवले. तिने डोळे मिटले, तळवे उन्हाकडे धरले. आत माझ्या पानाची कड हळूहळू वाकत होती. वाकू दे म्हटले.

"अरे, काय म्हणालास तो शब्द?"

मी कान टवकारले.

"थांब, बघून सांगतो."

"राहू दे. तू आधी बस इथं."

तो तिच्या पायाशी बसला. शब्द पाहायला आत कुणीच आले नाही.

मित्रांनो, माझे नाव विसरलात तरी चालेल. पण घरात कुणी उन्हाची वाट पाहत असेल, तर हातातले काम ठेवा आणि आधी खुर्ची बाहेर काढा.