एकटीने मांडलेली चूल

वसतिगृहाचं छप्पर गळत होतं, म्हणून विद्यापीठाने मुलामुलींची मनं तपासायला घेतली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार. डोंगरातल्या वायापाता शहराच्या त्या वसतिगृहाची उत्तरेकडची बाजू पावसाळ्यात खचली, खोल्यांना कुलुपं लागली आणि निम्म्या खाटा गेल्या. गवंडी आणणं काही विद्यापीठाला जमलं नाही. राजधानीतून, लिमाहून, मानसशास्त्राच्या डॉक्टरीणबाई आणणं मात्र जमलं. उरलेल्या खाटा कोणाला द्यायच्या ते त्या ठरवणार होत्या. ज्या मुलीचं व्यक्तिमत्त्व विकसित, तिला खाट. जिचं अविकसित, तिने आपलं गाठोडं बांधावं.

नेलिदा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं गाव साचाराकाय, म्हणजे आधी डोंगराच्या कडेकडेने जाणारी बस आणि मग छाती फुटेपर्यंत चढण. शहरात भाड्याने खोली घेण्याची तिची ऐपत नव्हती. खाट गेली की शिक्षण गेलं, इतका साधा हिशेब होता. चार वर्षं सुया टोचायला, जखमा धुवायला, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायला शिकलेली मुलगी शेवटच्या वर्षी परत मेंढ्यांमागे जाणार, आणि का, तर तिच्या मनाला गुण कमी पडले म्हणून.

डॉक्टर लावाये बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकावं. वाईट असत्या तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. त्या गोड बोलायच्या, मुलींना नावाने हाक मारायच्या, आणि डोंगरावरच्या थंडीने नाक लाल झालं तरी कुरकुर करायच्या नाहीत. फक्त त्यांचे प्रश्न लिमाचे होते. 'मी माझ्या अडचणी कोणाच्याही मदतीशिवाय सोडवते : नेहमी, कधीकधी, कधीच नाही.' नेलिदाने प्रामाणिकपणे 'कधीच नाही' वर खूण केली. अडचण आली आणि कोणाला हाकच मारली नाही, असला आगाऊपणा तिच्या घराण्यात कोणी केला नव्हता.

साचाराकायमध्ये सगळं सावडीने चालतं. आज तुम्ही आमचे बटाटे काढा, उद्या आम्ही तुमचे. घर शाकारायचं असो की मयताला खांदा द्यायचा असो, माणूस माणसाला हात उसना देतो आणि तो हात फेडावा लागतो. न फेडणाऱ्याला कोणी मारत नाही की झोडत नाही. त्याच्याकडे नुसतं कोणी जात नाही. गावात एकटा तेओदोरो तेवढा स्वतःचे बटाटे स्वतः काढायचा, आणि त्याच्या बांधावरून जाताना बाया पोरांना गप्प करायच्या.

प्रश्नांनंतर मुलाखत होती. डॉक्टरीणबाईंनी गोड हसून विचारलं, "तुझ्या आयुष्यातली अशी एक गोष्ट सांग, जी तू स्वतः केलीस आणि जिचा तुला अभिमान वाटतो."

नेलिदाला लगेच सुचलं. आदल्या वर्षी विद्यापीठाची खानावळ बंद पडली होती. ठेकेदाराचं आणि कार्यालयाचं काहीतरी बिनसलं, दोघांनी हात झटकले आणि वसतिगृहातली मुलं उपाशी राहिली. तेव्हा मुलांनी आवारातच सामाईक हंडा चढवला होता.

"आम्ही आवारात चूल मांडली होती, मॅडम."

"छान. पण आम्ही नको. तू काय केलंस?"

"मी फुंकर घातली. लाकूड ओलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कल्पना कोणाची होती?"

"भूक सगळ्यांनाच लागली होती, मॅडम."

"बरं, नेतृत्व कोणी केलं?"

नेलिदाने विचार केला. हंडा चर्चमधून मागून आणला तो तिच्या खोलीतल्या मार्लेनीने, कारण पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीशी तिची ओळख होती. लाकडं त्याच खोलीतल्या योवानाने आणली, पाठीला टोपली बांधून, नीलगिरीच्या रानातून. ज्यांचे घरचे बाजाराला यायचे त्यांनी बटाटे आणि मक्याचे दाणे आणले. सुरुवातीला सगळ्यांना एकत्र बसवून "रडत काय बसलात, चला" असं म्हणाली ती नेलिदाच. पण ते सांगायची गोष्ट आहे असं तिच्या मनातही आलं नाही. "ज्याची पाळी असेल त्याने," ती म्हणाली.

तिच्यानंतर मुलग्यांच्या बाजूचा जॉर्दान आत गेला. हा पठ्ठ्या त्या सगळ्या दिवसांत एकदा गॅसची टाकी बघून येतो म्हणून गेला होता आणि जेवणाच्या वेळेला परत आला होता, तेही टाकीशिवाय. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला असल्यांना शिकवावं लागत नाही. "मी लोकांना संघटित केलं," तो म्हणाला. "मी प्रेरणा दिली." निकाल लागला तेव्हा त्याच्या नावापुढे 'उत्कृष्ट नेतृत्व' होतं. मार्लेनीला खाट मिळाली, योवानाला मिळाली. नेलिदाच्या नावापुढे 'आत्मनिर्भरता कमी, परावलंबी कल' असं लिहिलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परावलंबी? रुग्णालयात तिने बाळंतिणींची नऊ पोरं या हातांवर झेलली होती, आणि प्रत्येक वेळी शेजारी दुसरी परिचारिका होती म्हणूनच ती पोरं जिवंत जगात आली. एकटीने झेलायला गेली असती तर काय झालं असतं ते या बाईंनी एकदा येऊन बघावं. ती तशीच डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मी कशात कमी पडले?"

"कमी नाही गं. तू स्वतःला मागे ठेवतेस." बाईंनी तिला खुर्ची दिली, कोकाच्या पानांचा चहा दिला. "तुझ्यात खूप काही आहे, मला दिसतं. गुरुवारी परत ये. फक्त एक शिकून ये. 'मी' म्हणायचं. मला तुला खाट द्यायचीच आहे, पण तू मला काहीतरी दे ना लिहायला."

त्या संध्याकाळी खोलीत नेलिदाने सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "मी नाही जाणार. तुम्ही केलेलं माझ्या नावावर खपवू? मी काय जॉर्दान आहे?"

"जॉर्दानला खाट आहे," मार्लेनी म्हणाली. ती पलंगावर मांडी घालून उकडलेले मक्याचे दाणे खात होती. "तू आपली तत्त्वं घेऊन मेंढ्यांना नर्सिंग शिकव."

"मार्लेनी, चेष्टा नको."

"चेष्टा नाही बाई. माझा हंडा घे."

"म्हणजे?"

"म्हणजे उसना घे. हंडा मी आणला, तो गुरुवारपुरता तू आणलास. फेडशील कधीतरी."

योवाना मितभाषी. तिने नुसतं म्हटलं, "माझी लाकडं पण घे. जड होती, नीट सांग." मग शेजारच्या खोलीतल्या मुली आल्या. कोणी बटाटे सोलणं दिलं, कोणी पाणी भरणं दिलं, एकीने भांडी घासणं दिलं आणि वर बजावलं की भांडी गार पाण्याने घासली होती हे विसरू नकोस. नेलिदा रागाने रडली. असली सावड तिच्या गावात कोणी ऐकली नव्हती. हात उसने देतात हे ठाऊक होतं, पण केलेलं काम उसनं द्यायची वेळ या शहाण्यांच्या विद्यापीठानेच आणली.

गुरुवारी ती गेली. "मी चर्चमधून हंडा आणला," ती म्हणाली. "मी रानातून लाकडं आणली. पाठ सोलवटली. मी बटाटे सोलले. मी पाणी भरलं. भांडीही मीच घासली, गार पाण्याने." प्रत्येक 'मी' बरोबर एकेका मुलीचं तोंड तिच्या डोळ्यांसमोर यायचं आणि जीभ जड व्हायची. डॉक्टरीणबाईंचे डोळे पाणावले होते. एका माणसाने एवढ्या जणांचा हंडा उचलून तरी कसा आणला असेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. लिमामध्ये बहुधा हंडे हलके असतात.

"आणि तुला कोणीच मदत केली नाही?"

"कोणीच नाही," नेलिदा म्हणाली.

तिला खाट मिळाली. एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिचा फोटो काढला, तो मोठा करून घेतला आणि वसतिगृहाच्या दारातच लावला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'नेलिदा. तिने एकटीने सगळ्यांना जेवू घातलं. तूही करू शकतेस.' नेलिदा येता-जाता मान खाली घालायची. मुली हसण्यावारी न्यायच्या, "आज काय एकटीने जेवू घालतेस गं?" म्हणून चिडवायच्या, पण त्या हसत होत्या म्हणून तिला जास्तच लागायचं. खाटेसाठी तिने तोंड मिटून घेतलं होतं.

मग एका रविवारी तिची आई आली. फोर्तुनाता बाजाराला आली की पाठीवर बटाट्यांचं पोतं घेऊन लेकीकडे यायचीच. म्हातारपणी प्रौढांच्या वर्गात जाऊन ती अक्षरं शिकली होती आणि दिसेल ती पाटी वाचायची तिला हौस होती. दारात लेकीचा फोटो बघून ती हरखली. पोतं खाली ठेवलं, बोट लावून वाचायला लागली. नेलिदा हे नाव लागलं. मग 'एकटीने' हा शब्द लागला, आणि तिचं बोट तिथेच थांबलं.

ती तशीच सामाईक स्वयंपाकघरात आली. नेलिदा, मार्लेनी आणि योवाना तिथे सूप उकळत बसल्या होत्या. फोर्तुनाता डोंगरातल्या आपल्या क्वेचुआ बोलीत सुरू झाली आणि थांबेचना.

"माझी पोर एकटी रांधत होती आणि तुम्ही हात बांधून जेवलात? लाज नाही वाटली? मी दरवेळी पोतं वाहून आणते ते कोणासाठी? तुमच्या आयांनी तुम्हाला एवढंही शिकवलं नाही?"

मुलींना एकूण एक शब्द कळत होता. मार्लेनीसारखी तोंडाळ मुलगी, पण तिने मान खाली घातली. "चुकलं, मावशी," ती म्हणाली. योवानाही म्हणाली, "चुकलं." खाट वाचवायची तर ही बोलणीही खायला हवीत, असं त्यांनी एकमेकींकडे न बघताच ठरवलं.

आईने नेलिदाकडे वळून बघितलं, आणि या वेळी आवाज खाली आला होता. "का गं, की तूच कोणाची सावड फेडली नाहीस? म्हणून तुझ्याकडे कोणी आलं नाही? खरं सांग. त्या तेओदोरोसारखं झालं का तुझं?"

नेमक्या त्याच वेळी, आवाज ऐकून, डॉक्टरीणबाई आत आल्या. "अरे वा, या आई का? किती अभिमान वाटत असेल. काय म्हणताहेत त्या?"

नेलिदा उठून उभी राहिली. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"ती विचारतेय, मी असं काय पाप केलं की मला एकटीला रांधावं लागलं."

"नाही, नाही. त्यांना सांग, हे कौतुक आहे."

"कोणाचं कौतुक, मॅडम? या पोरी बघा. हिने हंडा आणला. हिने लाकडं आणली, पाठ हिची सोलवटली, माझी नाही. यांनी स्वतःचं काम मला उसनं दिलं, कारण तुम्हाला एकटी मुलगी हवी होती. आणि आता माझी आई यांना शिव्या देतेय आणि या गप्प ऐकून घेताहेत. अजून काय तपासायचंय तुम्हाला?"

डॉक्टरीणबाईंना खरंच वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटूनही त्यांना नियमच आठवला. "म्हणजे मुलाखतीत तू खोटं बोललीस."

"हो."

"मग मला निकाल बदलावा लागेल, नेलिदा. खाट..."

"बदला. फक्त दोन्ही निकाल माझ्या फोटोखाली लावा, शेजारी शेजारी. खरं बोलले तेव्हा तुम्ही मला नापास केलं. खोटं बोलले तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी आलं."

डॉक्टरीणबाईंचं नाक नेहमीसारखं लाल होतं, आता सगळा चेहराच लाल झाला.

"काय म्हणतेय ही बाई?" आईने विचारलं.

"माझी खाट गेली म्हणतेय. आणि आई, हंडा नि लाकडं या दोघींनीच आणली होती."

फोर्तुनाताने मार्लेनीकडे बघितलं, मग योवानाकडे. मघाशी विनाकारण बोलून बसल्याचं तिला कळून चुकलं होतं, पण पोरींची माफी मागायला ती नंतर मोकळी होती.

"तुझी गेली," ती म्हणाली. "या दोघींच्या आहेत ना? मग दोन खाटांवर तिघी मावाल."

योवानाने पलीकडे सरकून बाकावर जागा केली आणि म्हातारीला बसायला सांगितलं.