शनिवारचं लोखंड

गुरुवारी संध्याकाळी लॅबमधून घरी आले, तर दिवाणावर पंचा अंथरून त्यावर एक काळा चकचकीत डबा ठेवलेला. पुढच्या बाजूला काच, काचेमागे रंगीत दिव्यांचे पंखे आणि बटणाच्या वर हळदीकुंकवाचं बोट.

"नान्ना, हे काय?"

"तुझं मशीन," वडील म्हणाले. चेहऱ्यावर सगळं जिंकल्याचा आनंद.

"हे कॉम्प्युटरचं नुसतं कॅबिनेट आहे. आत काहीच नाही."

"माहीत आहे गं. तू शनिवारी बाजारात जाणार. शनिवारी लोखंड घरात येत नाही. म्हणून लोखंड आज आणलं, चांगली वेळ बघून. राहिलं ते सगळं प्लास्टिक. ते शनिवारी आलं तरी चालतं."

बस पासच्या खिडकीवर तीस वर्षं बसलेला माणूस. नियमाला नियमाने कसं वळवायचं हे त्याला कोण शिकवणार? पण कॅबिनेट शेवटी घ्यायचं असतं. आधी आतल्या वस्तू ठरतात, मग डबा. हे म्हणजे पाय न मोजता चपला आणल्यासारखं झालं होतं.

मी ज्या गेमिंग कॅफेत कॉम्प्युटरवर खेळून शिकले तो बंद पडला आणि तिथे आता डोसे मिळतात. मालकाने जाताना कॉम्प्युटरचा एक पडदा मला जवळजवळ फुकट दिला. विजयवाड्याच्या एका टीमने माझा खेळ पाहून रविवारी चाचणीला बोलावलं होतं, घरूनच, पण स्वतःच्या मशीनवर. शत्रू दिसायच्या आधी चित्र अडखळलं की खेळातला आपला माणूस मेलाच. म्हणून चित्र पळवणारं ग्राफिक्स कार्ड दमदार हवं होतं, आणि माझ्या साठवलेल्या पैशांत ते बसवताना मी झोप घालवली होती. रंगीत दिवे काढले, बॅटरी बॅकअप काढला, कीबोर्ड जुनाच ठेवला. इतकं करून हिशेब कसाबसा जुळला होता. लॅबमध्ये बिलं करून साठवलेलं सगळं त्यात जाणार होतं. ही संधी गेली की परत कोण बोलावतंय?

आणखी एक गोष्ट मी नान्नांना सांगितली नव्हती. चाचणी पाच वाजता होती. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ असतो. या काळात आमच्या घरात नवा साबणसुद्धा उघडत नाहीत.

शनिवारी आम्ही दोघं सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. रिक्षात नान्ना ते कॅबिनेट मांडीवर घेऊन बसले होते, लग्नघरी न्यायचा फणस असावा तसं. ओळखीच्या दुकानातल्या जुबेरभाईंनी मी ठरवलेलं कार्ड काढलं. खोका फाटलेला होता म्हणून स्वस्तात, आणि ते एकच शिल्लक होतं. तीन पंख्यांचं, चांगलं लांबलचक. त्यांनी ते कॅबिनेटमध्ये आडवं धरलं, जरा तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं.

"दोन बोटं जास्त आहे," ते म्हणाले.

मला दुकानातला आवाज ऐकू येईनासा झाला.

"कापता येईल?" नान्नांनी विचारलं.

"काय, कार्ड?"

"डबा हो."

"पाशा," इथे गिऱ्हाइकाला म्हणतात तसं ते म्हणाले, "मी कॉम्प्युटर विकतो, गॅरेज नाही चालवत. परत करून या ना."

"रानीगंजला फुटपाथवरून घेतलाय. आज तो विकणारा तिथे असेल की नाही, कोण जाणे."

नान्ना हळदीकुंकवाच्या बोटाकडे बघत राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता की बोलले असते तर वाईटच बोलले असते.

जुबेरभाईंनी दुसरं कॅबिनेट दाखवलं. तेवढे पैसे नव्हते. मग म्हणाले, "बेटा, वीज देणारा हा पॉवर सप्लाय बदल. साध्या कंपनीचा घे. वाचलेल्या पैशात डबा येतो."

"साधा घेतला तर काय होतं?" नान्नांनी विचारलं.

"काही होत नाही. झालं तर मग सगळंच जळतं."

मी खरंच डळमळले. उद्याचा एक दिवस निघाला की झालं, असं वाटलं. हात त्या स्वस्त खोक्यापर्यंत गेलासुद्धा. मग त्याचं वजन हाताला लागलं, म्हणजे लागलंच नाही, आत काही नसल्यासारखं, आणि मी तो खाली ठेवला.

"डबा नको," मी म्हणाले. "उघडंच लावते."

"धूळ जाईल. घरात पाली असतील. एक पडली वरून तर कार्ड संपलं," जुबेरभाई म्हणाले.

"मी बसतो ना शेजारी," नान्ना म्हणाले. कुणाकडेही न बघता.

घरी आल्यावर, डबा घरचाच, नुसता फिरून आलाय, असं म्हणत नान्नांनी तो आत घेतला आणि देवघरातल्या पाटावर सगळं मांडलं. कार्ड लोंबकळत होतं म्हणून खाली मागच्या वर्षीचं पंचांग लावलं. मशीन सुरू करायचं बटण तेवढं डब्याला असतं, म्हणून तो रिकामा डबा शेजारी ठेवून त्याची वायर पाटावर ओढून जोडली. पंखे फिरले, तेव्हा मला रडू आलं.

रविवारी चार वाजता नान्ना पालींसाठी रद्दी गुंडाळून स्टुलावर बसले, नजर छताकडे.

"आत्ताच चालू कर," ते म्हणाले.

"अजून वेळ आहे."

"पाचला आहे ना? तुझ्या फोनवर वाचलं. राहुकाळात सुरू करायचं नसतं, चालू असलेलं चालतं. फक्त बंद पडू देऊ नकोस."

पाच वाजता सामना लागला. चित्र कुठेच अडखळत नव्हतं. पहिले दोघे मी टिपले. कानात कुणीतरी विजयवाड्याहून "बरं खेळते" म्हणालं. आणि पंखा थांबला, पडदा काळा झाला.

लाईट गेली होती. मी हिशेबातून काढलेला तोच बॅकअप आता हवा होता. परत जोडून घ्यायला ते फार तर चार-पाच मिनिटं थांबतात, मग नाव खोडतात. मी नुसती बसून राहिले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते. नान्नाही घड्याळाकडेच बघत होते.

लाईट आली. छताचा पंखा हलला. माझा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय? आता या वेळी सुरू केलेलं वाया गेलं, तर अडवलं नाही म्हणून नान्ना आयुष्यभर स्वतःलाच दोष देतील असं मला वाटलं.

नान्ना स्टुलावरून उठले. त्यांनी रद्दी काखेत धरली, हळदीकुंकवाच्या बोटाखालचं बटण अंगठ्याने दाबलं आणि पंखे फिरेपर्यंत तसंच दाबून धरलं.

"नान्ना, सोडा. एकदाच दाबायचं असतं."

त्यांनी अंगठा काढला.

"तू खेळ," ते म्हणाले, आणि परत छताकडे बघत बसले.