पसंत मी, घरी भाऊ

मी बास ॲम्प बोलतोय. घाबरू नका, आवाज कमीच ठेवलाय. बास गिटारचा खर्ज माझ्या पोटातून मोठा होऊन बाहेर पडतो, एवढंच माझं काम. तेवढ्यावर मी सुखात राहिलो असतो, पण माझ्या नशिबी दुकानात मांडून ठेवणं आलं.

कारखान्यातून आम्ही सगळे भाऊ एकाच गाडीने आलो. बाकीचे बंद खोक्यात गोदामात गेले. मला मात्र खोक्यातून काढून स्टँडवर बसवलं, गिऱ्हाइकांनी वाजवून पाहावं म्हणून. आणि पाहिलं की त्यांनी! एकाने सगळी बटणं उजवीकडे पिळली, दुकानाच्या काचा थरथरवल्या आणि "जरा फिरून येतो" म्हणून निघून गेला. तो अजून फिरतोच आहे. एक काका टेपने माझी उंची-रुंदी मोजून गेले. वाजवलं मात्र नाही. मी त्यांच्या टेबलाखाली मावायला हवा होतो म्हणे.

खरे घेणारे तर त्याहून थोर. तासभर मला वाजवायचं, "हाच हवा" म्हणायचं आणि विक्रेत्याने गोदामातून बंद खोकं आणलं की ते घेऊन खुशाल चालू पडायचं. घाम माझा, संसार भावाचा.

असे सगळे भाऊ उजवले. एकच उरला, तेव्हा दुकानदार विक्रेत्याला म्हणाला, "हे मॉडेल बंद झालंय. शेवटचं खोकं गेलं की या डेमोवाल्याला खोलून टाक. सुटे भाग दुरुस्तीला येतील." माझ्यासमोर म्हणाला हो! वस्तूंसमोर माणसं काहीही बोलतात.

म्हणजे मी जितका छान वाजणार, तितका लवकर मरणार. मग मीही ठरवलं, यापुढे कुणी आलं की नुसती घरघर करायची.

आणि आली ती दातांची डॉक्टर, सोबत तिची नणंद. डॉक्टरीणबाईंनी बटणांना हातही लावला नाही. खर्जातला एक सूर हळूच छेडला, विरेपर्यंत ऐकला, मग दुसरा. नणंद शेजारच्या रिकाम्या खोक्यावर बोटांनी ठेका धरून होती. इतकं शहाण्यासारखं मला कुणी वाजवलंच नव्हतं. राहवलं नाही मला. जीव ओतून वाजलो. मूर्खच मी.

"हाच," ती म्हणाली. विक्रेता गोदामाकडे पळालाच.

पण तिने ते खोकं तिथेच उघडायला लावलं आणि भावालाही तसंच वाजवून पाहिलं.

"याचा आवाज आखडलाय."

"मॅडम, नवीन आहे. वाजून वाजून होईल मोकळा."

"मग मोकळा झालेला आहे तोच द्या की."

"अगं वहिनी, त्याला ओरखडे आहेत," नणंद कुजबुजली. "चांगलं नवं सोडून हे कशाला?"

"नवी कवळी बसवली की लोक महिनाभर मला शिव्या घालतात. नव्याचं कौतुक मला नको सांगूस."

ओरखडे त्या बटणं पिळणाऱ्यांनीच दिले होते, आणि मोकळा आवाजही त्यांनीच. उपकारच म्हणायचे.

आता मी तिच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत असतो. सुटीच्या दिवशी दोघी वाजवतात, मी गातो. पण तिकडे स्टँडवर आता भाऊ बसलाय, आणि कुणी नेलं नाही तर त्यालाही खोलणारच. त्या दुकानात गेलात तर त्याला जरा वाजवून पाहा. आखडलेला वाटेल, सांभाळून घ्या. आणि आवडला, तर विक्रेत्याला गोदामात पाठवू नका. तिथे आता एकही खोकं नाही. त्यालाच घरी न्या.