दोन तेलांचं भांडण

महाराजपूरच्या मैदानात भर दुपारी तीनेकशे माणसं जमली होती आणि मधोमध माझा धाकटा भाऊ गणपत गुडघ्यांवर बसवलेला होता. ओठ फाटलेला, डाव्या हाताची दोन बोटं पान्याने ठेचलेली. पाना त्याच्याच इंजिन-दुरुस्तीच्या दुकानातला, ठेचणारा मंडपवाला धनेश. समोर भट्टीवर कढईत तेल उकळत होतं. इंजिनबाबा म्हणवणाऱ्या बुवाने निकाल दिला होता: गणपतने उजवा हात तेलात घालायचा, निर्दोष असेल तर भाजणार नाही.

गुन्हा काय, तर धनेशच्या जनरेटरमधलं सिंथेटिक ऑइल काढून गणपतने साधं घातलं. चार दिवसांनी जनरेटर पेटला आणि धनेशची बायको क्षमा कमरेखाली भाजली. ती अजून दवाखान्यात होती.

"भक्तहो, इंजिनालाही आत्मा आहे," बाबा माइकवर सांगत होता. "सिंथेटिक म्हणजे संन्यास. एकदा घेतला की माघार नाही. वरून साधं तेल पाजलं की पोटात दोन तेलं लढतात आणि आग लागते."

संन्यास घेतलेला जनरेटर मी तरी पहिल्यांदाच ऐकला. अर्थात, यावर उतारा म्हणून बाबाकडे मंतरलेल्या तेलाच्या बाटल्या होत्याच.

मग त्याने पुरावा दाखवला. लोखंडी वाडग्यात काळसर भस्म. त्यावर एका बाटलीतलं 'सिंथेटिक' ओतलं, दुसरीतलं 'साधं' चार थेंब, आणि डोळे मिटून मंत्र सुरू केला. अर्ध्या मिनिटात वाडग्यातून भडका उडाला. लोक गुरांसारखे ओरडले. कोणीतरी गणपतच्या बरगडीत लाथ घातली. बाबाचा चेला विक्की त्याचं मनगट धरून कढईकडे ओढू लागला.

"ताई, मी काही चुकीचं नाही केलं," गणपत म्हणाला.

मी एका कारखान्याच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं तेलंच तपासली. कोपरं मारत पुढे गेले. विक्कीने मला थोबाडीत मारली, चष्मा उडाला, मी पडले. उठले आणि बाबाच्या पाटावरची 'सिंथेटिक'ची बाटली उचलली.

"हात तर घालायचाच आहे ना? मग दोन मिनिटं थांबा. एक ग्लास पाणी द्या."

शेजारच्या बेबीताईंनी एकाऐवजी दोन ग्लास दिले. एकात मी ते 'तेल' ओतून ढवळलं. ते दिसेनासं झालं.

"इंजिनाचं ऑइल पाण्यावर तरंगतं. हे विरघळलं काहून? कारण हे ग्लिसरीन आहे." दुसऱ्या ग्लासात मी बाबाच्या डब्यातलं चिमूटभर भस्म टाकलं. पाणी गर्द जांभळं झालं.

"अगं बाई, ही तर विहिरीत टाकायची लाल दवा," बेबीताई म्हणाल्या.

"तीच, पोटॅशियम परमँगनेट. तिच्यावर ग्लिसरीन पडलं की अर्ध्या मिनिटात आपोआप पेट घेते. मंत्र तेवढाच लांब आहे. दुसरी बाटली नुसती शोभेची."

गणपतच्या दुकानातून खरं सिंथेटिक आणि खरं साधं ऑइल मागवलं. सगळ्यांसमोर एका वाटीत ओतलं. दोन्ही गुपचूप एकमेकांत मिसळली.

विक्की पळाला. बाबाला मात्र लोकांनी जटा धरून पाडलं, दात पाडले आणि कढईकडे फरपटत नेलं. मघाशी गणपतला मारणारे हेच हात होते. मी लाथेने कढई उलटवली. माझी टाच भाजली, तेल मातीत चरचरलं.

"उकळत्या तेलाला खरं-खोटं कळत नाही," मी म्हणाले. "याचा हात भाजेल, गणपतचाही भाजला असता, तुमचाही भाजेल. याला पोलिसात द्या."

धनेश पाना धरून समोर आला. "मग माझा जनरेटर पेटला काहून?"

"पेट्रोल टाकलं तेव्हा बंद होता?"

त्याने पाना खाली टाकला. "चालूच होता. लग्नाचा मंडप होता, अंधार कसा करू? क्षमा नरसाळं धरून उभी होती. पेट्रोल सांडलं, गरम सायलेन्सरवर."

"म्हणजे ठाऊक होतं तुला."

"ठाऊक होतं. पण बाबा म्हणाला दोष गणपतचा, तर मले बरं वाटलं." तो तिथेच खाली बसला आणि रडू लागला. मला त्याची दया आली नाही.

वाचकहो, सिंथेटिक काढून साधं घाला, साधं काढून सिंथेटिक घाला; पुस्तिकेतली ग्रेड आणि ऑइलची पातळी बरोबर असली तर इंजिनाला काही होत नाही. पेट्रोल मात्र इंजिन बंद करून, थंड झाल्यावर टाका. आणि चमत्कार दिसला की आधी एक ग्लास पाणी मागा. आग लागल्यापासून त्या तीनशे जणांपैकी एकानेही धनेशला विचारलं नव्हतं, की बाबा रे, इंजिन चालू होतं का? विचारलं असतं, तर माझ्या भावाला आज दोन्ही हातांनी पाना धरता आला असता.