दुपारची घरघर

कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. दारावरच्या इंटरकॉमचा आवाज नुसता ऐकून तो सांगायचा, माइक गेलाय, की वायरीत ओल शिरलीय, की रंगाऱ्याने पॅनेलच्या बारीक भोकांवरून कुंचला फिरवलाय. आता पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते आणि कानांनाही जरा निवांतपणा हवासा वाटत होता. पण नाव पडलं ते पडलं.

या इमारतीत तो तिसऱ्यांदा येत होता. तक्रार तीच. दुपारी खालून कुणी बोललं की वर आवाज विहिरीतून आल्यासारखा येई, आणि मागे सारखी घरघर. पहिल्या खेपेला त्याने दारावरचा माइक बदलला, दुसऱ्या खेपेला पॉवर सप्लाय. दोन्ही वेळा संध्याकाळी आवाज खणखणीत झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. म्हणून आज तो मुद्दाम भर दुपारी आला होता.

सोसायटीच्या सेक्रेटरीबाई दारातच उभ्या होत्या. "तुम्ही आलात की सगळं सुतासारखं सरळ. तुमची पाठ वळली की रडगाणं सुरू. मशीन तुम्हाला घाबरतं का हो?"

"घरात तर कुणी घाबरत नाही, बाई," तो म्हणाला. "मशीनने तरी घाबरावं."

त्याने त्यांना तळमजल्यावरच्या त्यांच्या घरातला हँडसेट कानाला लावून बसायला सांगितलं, आणि जिन्याखालचा वायरींचा डबा उघडला. एकेका मजल्याची वायर सोडवायची, बाहेर जाऊन पॅनेलसमोर बोलायचं, परत येऊन विचारायचं. पहिला मजला सोडवला. "तसंच," बाई आतून ओरडल्या. दुसरा सोडवला. "तसंच." तिसऱ्याची वायर निघाली आणि बाई स्वतःच बाहेर आल्या. "अहो, आता कसं अगदी कानात बोलल्यासारखं येतंय!"

म्हणजे दोष दाराशी नव्हताच. तिसऱ्या मजल्यावरच्या कुठल्या तरी घरात होता. त्याने वायर परत जोडली, पिशवी उचलली आणि कठड्याला धरून जिना चढला.

तिथल्या पहिल्या घरात हँडसेट भिंतीवर नीट टांगलेला होता. दुसऱ्या घराचं दार बऱ्याच वेळाने उघडलं. साठीच्या पुढची एक बाई, केस कसेबसे बांधलेले, डोळ्यांत अर्धी झोप.

"इंटरकॉम? आमचा चालतो की," ती म्हणाली.

पण तिच्या मागे भिंतीवरचा हँडसेट टांगायचा खटका रिकामा होता. तिथून निघालेल्या वायरीला दुसरी वायर जोडली होती, जोडावर जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी. वायरीच्या मागोमाग तो आतल्या खोलीत गेला. खाटेवर एक माणूस पडून होता आणि उशीवर, त्याच्या कानाशी, घडी घातलेल्या टॉवेलच्या टेकूने हँडसेट ठेवलेला होता. खाटेखाली हवेच्या गादीचा पंप घरघरत होता, आणि पंपाच्या विजेच्या वायरीला इंटरकॉमची वायर अगदी वेटोळे घालून बसली होती.

आता सगळाच उलगडा झाला. हँडसेट उचललेला असला की दाराची लाइन उघडी राहते. इथे ती दुपारभर उघडी असायची. बाकीच्यांच्या वाट्याचा आवाज इथे यायचा आणि पंपाची घरघर साऱ्या इमारतीत जायची.

"माझा धाकटा भाऊ," बाई म्हणाली. "बस चालवायचा. पडून आहे आता. या खोलीच्या खिडकीसमोर शेजारची भिंत. एकदा मी घाईत रिसीव्हर लोंबकळत सोडून गेले, तर हा हसला. म्हणाला, ताई, खाली पोरं भांडतायत. तेव्हापासून दुपारी याच्या कानाशी लावते आणि मी जरा पाठ टेकते. रात्री दर थोड्या वेळाने याची कूस बदलावी लागते हो. माझी झोप काय ती ही एवढीच."

"ताई, यापायी मी खेपा घालून मेलो," तो चिडून म्हणाला. "आणि खाली लोक आपलं घरचंदारचं बोलत असतात. कुणी असं ऐकलेलं चालेल का?"

"तुमचंही ऐकलं," खाटेवरून आवाज आला. जड जिभेचा, पण स्पष्ट.

"माझं काय?"

"मागच्या वेळी. त्या दिवशी ताईने संध्याकाळीही हा कानाशी लावला होता. काम झालं, असं खाली बाईंना सांगितलंत. बायकोचा फोन आला. म्हणालात, अजून बरंच बाकी आहे. मग तिथेच गुणगुणत बसून राहिलात. खूप वेळ."

खोटं काहीच नव्हतं. कानसेनच्या घरी म्हातारी आई होती, तिला आता कुणाची ओळख राहिली नव्हती. दिवसभर ती एकच विचारी, मला माझ्या घरी कधी नेणार? दिवसभर बायको तिला उत्तर देई. आणि तो उरलेलं काम लांबवत, नसलेलं काढत, दिवेलागणीनंतर घरी पोचायचा. त्याला तो थोडी उसंत म्हणायचा. समोरच्या ताईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याने पाहिली आणि त्याला आठवलं, आपण बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं त्यालाही बरेच दिवस झाले.

"कुणाला सांगितलंत का?" त्याने विचारलं.

"कुणाला सांगू? मला विचारतंय कोण?"

काम तर करायलाच हवं होतं. त्याने जोड कापला, वायर गुंडाळली, हँडसेट भिंतीवर टांगला. खाटेवरच्या माणसाने डोळे मिटून घेतले.

"आता दुपारी मी काय करू याचं?" ताई म्हणाली. त्याला नव्हे, अशीच कुठे तरी बघत.

"पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर आहे ना?"

"आहे. पण खाट दारातून निघत नाही. आणि उचलणार कोण?"

त्याने पिशवीतून पाना काढला आणि सेक्रेटरीबाईंना वर बोलावलं. खरी गोष्ट ऐकून बाई लालबुंद झाल्या. "म्हणजे आमचं सगळं ऐकत होता हा?"

"तुम्ही ताईला आखडू म्हणालात," डोळे न उघडता तो माणूस म्हणाला. "मी तिला सांगितलं नाही."

"आत्ता सांगितलंस की, मेल्या!" ताई म्हणाली आणि खुदकन हसली. बाईंना कुठे बघावं कळेना. शेवटी त्यांनी मुकाट्याने बाह्या सरसावल्या.

कानसेनने त्या माणसाला उचलून आरामखुर्चीत ठेवलं. तो वाटला त्याहून जड निघाला, कंबरेत कळ आली. मग खाटेचे पाय काढून, ती आडवी करून, दोघींच्या हातांनी ढकलत ओढत पुढच्या खोलीत नेली. भिंतीचा थोडा रंग गेला. पंप, गादी, माणूस, सगळं जागेवर लागेपर्यंत तिघंही घामाघूम झाले.

कानसेनने खिडकी उघडली. तो माणूस बराच वेळ ऐकत राहिला.

"नुसत्या गाड्या," मग म्हणाला. "शब्द कळत नाहीत."

"नाही कळणार," कानसेन म्हणाला. "त्यावर माझ्याकडे इलाज नाही."

"मी येत जाईन दुपारी तासभर," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. पुढे त्या खरंच जात राहिल्या, रोज नव्हे, एक दिवसाआड. त्या दुपारी ताई झोपायची. उरलेल्या दुपारी भाऊ रस्त्याकडे बघून कुरकुरायचा आणि ताई ते ऐकत जमेल तशी डुलकी काढायची. तक्रार मात्र त्या इमारतीतून पुन्हा आली नाही.

खाट हलवली त्या दिवशी कानसेन दिवसाउजेडीच घरी पोचला. बायकोने दार उघडलं आणि त्याच्या मागे कुणी सोडायला आलंय का, ते पाहिलं.

"बरं नाही का?"

"बरा आहे. तू जा, पड जरा. आईजवळ मी बसतो."

विश्वास बसत नसल्यासारखी ती उभी राहिली. आज हे काय नवीन, असं पुटपुटली. पण भांडायचंही त्राण नव्हतं तिला. आत जाऊन ती पलंगावर आडवी झाली, ती पायांतल्या चपलांसकट. त्याने जाऊन त्या काढल्या तरी तिला जाग आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला लवकर येणं जमलं नाही, काम खरोखरच अडलं होतं. तसं त्याने फोनवर सांगितलं. तिने नुसतं 'बरं' म्हटलं.